शाळेच्या फाटकावरचे कुलूप आणि रात्री आठची लिंक

जूनमध्ये शाळा उघडल्या की पालकांच्या हाती एक छापील पत्रक येते. गणवेश, डबा, नखे, केस यांच्या सूचनांच्या जोडीला हल्ली त्यात एक सूचना ठळक अक्षरांत असते : विद्यार्थ्यांनी शाळेत मोबाईल आणू नये, आणल्यास जप्त करण्यात येईल. पालक मोठ्या समाधानाने खाली सही करतात. त्याच आठवड्यात वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो आणि रात्री आठच्या सुमारास त्यावर बाईंचा निरोप येतो, की सोबतच्या लिंकवरील यूट्यूबचा व्हिडिओ पाहून उद्या वहीत टिपणे काढून आणावीत. सकाळी फाटकावर जे यंत्र हातून काढून घेतले, तेच रात्री शाळेच्याच सांगण्यावरून पुन्हा मुलाच्या हाती जाते.

मुले कोणते व्हिडिओ पाहतात यावर शाळेने लक्ष ठेवावे, याबद्दल आता फारसे दुमत उरलेले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की हे लक्ष आपण भलत्याच जागी ठेवले आहे. कुलूप फाटकाला आणि खिंडार गृहपाठात, असा हा प्रकार झाला आहे.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण डोके दुखते, डोळे चुरचुरतात, सकाळी उठवले तरी उठत नाही, वर्गात पेंगते, अशा तक्रारी घेऊन पाचवी ते नववीची मुले दवाखान्यात येतात तेव्हा मी औषध लिहिण्याआधी रात्रीचा दिनक्रम विचारतो. आई लगेच सांगते, ‘‘मोबाईल आम्ही फक्त अभ्यासापुरताच देतो हो डॉक्टर.’’ ती खोटे बोलत नसते. मोबाईल अभ्यासासाठीच दिलेला असतो. व्हिडिओ बारा मिनिटांचा असतो आणि मोबाईल परत येतो तो दीड तासाने. मधल्या सव्वा तासाचे काय झाले, हे आईला ठाऊक नसते, शाळेला तर नसतेच.

ही सवय कुठून आली हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मोबाईल हीच शाळा झाली. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. गुरुजींनी पदरचा डेटा खर्च करून मुलांपर्यंत धडे पोचवले, याबद्दल त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे. परंतु त्या अडचणीच्या काळातसुद्धा मर्यादा आखलेल्या होत्या. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘प्रज्ञाता’ या नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या. पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनपेक्षा अधिक तासिका ऑनलाइन घेऊ नयेत आणि नववी ते बारावीला चारपेक्षा अधिक नकोत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पुढे साथ ओसरली, शाळा भरू लागल्या, मुले बाकावर येऊन बसली. त्या मर्यादा लोक विसरले आणि लिंक मात्र राहिली. तीसुद्धा आता शाळेच्या वेळेत येत नाही, झोपेच्या वेळेत येते.

आता शाळा व्हिडिओवर नियंत्रण ठेवते म्हणजे नेमके काय करते, ते पाहू. ढोबळमानाने तीन प्रकारची कुलपे असतात. पहिले शाळेच्या इंटरनेट जोडणीवर. शाळेच्या वाय-फायवरून काही ठिकाणे उघडूच नयेत, अशी व्यवस्था जाणकार माणूस तासाभरात करून देतो. हे कुलूप चांगले आहे, पण ते शाळेच्या भिंतीपाशी संपते. मुलाच्या खिशातल्या सिमकार्डाला ही भिंत दिसतसुद्धा नाही. दुसरे कुलूप यंत्रावर. यूट्यूबमध्ये ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ नावाची सोय आहे, ती चालू केली की प्रौढांसाठीचे बरेचसे व्हिडिओ दिसेनासे होतात. मात्र ती प्रत्येक यंत्रावर वेगवेगळी चालू करावी लागते. शाळेच्या संगणकावर चालू केली म्हणून घरच्या मोबाईलवर चालू होत नाही, आणि घरच्या मोबाईलवर ती बंद करायला सहावीतल्या मुलाला अर्धे मिनिट पुरते. शिवाय या चाळणीचा दर्जा भाषा आणि संस्कृतीप्रमाणे कमी-अधिक असू शकतो, हे कंपनीच सांगते. म्हणजे मराठी-हिंदीतले द्वयर्थी विनोद चाळणीतून खाली पडतीलच, याची खात्री नाही.

तिसरे कुलूप खात्यावरचे, आणि तेच त्यातल्या त्यात कामाचे. गूगलच्या शाळांसाठीच्या व्यवस्थेत विद्यार्थ्याला शाळेचे स्वतंत्र खाते मिळते. सप्टेंबर २०२१ पासून त्यात अठरा वर्षांखालील मुलांसाठी यूट्यूबवर मुळातच बंधने आहेत. शिक्षकाने नेमून दिलेला व्हिडिओ मुलाला पाहता येतो, पण भटकायला सारे रान मोकळे नसते. मोठ्या शहरांतल्या पुष्कळ शाळांनी ही व्यवस्था घेतली आहे. आपल्या तालुक्याच्या गावांतील मराठी शाळांत माझ्या पाहण्यात तरी मुलांना अशी खाती नाहीत. आपली मुले लिंक उघडतात ती वडिलांच्या मोबाईलवर, वडिलांच्या खात्यावर. मला सर्वांत काळजी वाटते ती या बाबीची. यंत्राच्या दृष्टीने तो व्हिडिओ पाहणारी व्यक्ती अकरा वर्षांची मुलगी नसते, चाळीस वर्षांचा गृहस्थ असतो. वयाची सारी बंधने तिथे गळून पडतात. वडील रात्री जेवणानंतर जे पाहतात, त्याचेच भाऊबंद मुलीच्या ‘प्रकाशसंश्लेषण’ या धड्याखाली रांगेने उभे राहतात. त्यात वडिलांचे काही वावगे नसेलही. प्रौढ माणसाने गुन्ह्यांच्या सुरस कथा पाहिल्या तर तो त्याचा प्रश्न. पण गृहपाठाच्या शेजारी त्या असू नयेत, एवढी अपेक्षा गैर नाही.

वर्गातली परिस्थितीही पाहावी. आपल्या जिल्ह्यात लोकवर्गणीतून, माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून कितीतरी शाळांनी मोठे टीव्ही घेतले. हौसेने फुगे लावून त्यांचे उद्घाटनही झाले. जोडणी मात्र बहुधा गुरुजींच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटची. धडा रंगात आला की मध्येच जाहिरात येते : गोरे करणारे मलम, शीतपेय, कुरकुरीत वेफर्स. चाळीस मुले ती एकटक पाहतात, कारण ती धड्यापेक्षा चांगली बनवलेली असते. खाद्यसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार अतिस्निग्ध, अतिखारट, अतिगोड पदार्थांची विक्री आणि जाहिरात शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत शाळकरी मुलांसाठी करता येत नाही. फाटकाबाहेरच्या टपरीवाल्याला आपण या नियमाची आठवण करून देतो. फळ्याच्या शेजारी लागलेली जाहिरात मात्र कुणाला खटकत नाही.

यावर काही मुख्याध्यापक म्हणतात, मग सारेच बंद करून टाकू. हा उपाय मला पटत नाही, आणि वैद्यकीय व्यवसायातला माणूस म्हणून तर मुळीच पटत नाही. अमेरिकेत २००० साली कायदा झाला, की सरकारी सवलतीचे इंटरनेट घेणाऱ्या शाळांनी आणि ग्रंथालयांनी अश्लील व मुलांना घातक अशी चित्रे रोखणारी चाळणी बसवलीच पाहिजे. हेतू चांगला होता. पण शब्द पाहून दार लावणाऱ्या चाळण्यांनी स्तनांच्या कर्करोगाची माहितीसुद्धा अश्लील ठरवून अडवल्याच्या तक्रारी आल्या. आपल्याकडे हेच झाले तर सर्वांत आधी काय अडेल? मासिक पाळीची माहिती, वयात येताना होणारे बदल, चांगला स्पर्श आणि वाईट स्पर्श यांवरचे धडे. सातवीतल्या मुलीला पाळीविषयी बाईंनी वर्गात दाखवलेला दहा मिनिटांचा शास्त्रीय व्हिडिओ हे आरोग्यशिक्षण आहे. तो अडवणारी चाळणी तिला मैत्रिणींच्या ऐकीव माहितीच्या हवाली करते. सरसकट बंदीने चांगले आधी मरते. वाईट काय, दुसऱ्या वाटेने येतच राहते.

ऑस्ट्रेलियाने तर याहून मोठे पाऊल उचलले. १० डिसेंबर २०२५ पासून तेथे सोळा वर्षांखालील मुलांना अनेक समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही आणि त्या यादीत यूट्यूबही आहे. आपल्याकडील बातम्यांत ‘यूट्यूबवर बंदी’ असे मथळे झळकले, ते अर्धवट होते. बंदी खात्यावर आहे. खाते न उघडता व्हिडिओ पाहणे तेथेही शक्य आहे आणि शिक्षक वर्गात व्हिडिओ दाखवू शकतात. मुलाने एकट्याने, आपल्या नावाने, यंत्राच्या शिफारशींच्या मागे वाहत जाणे त्यांना थांबवायचे आहे. कायदा कितपत यशस्वी होईल ते काळ ठरवील, पण त्यांनी बोट बरोबर जागी ठेवले आहे असे मला वाटते. व्हिडिओ निवडला कुणी आणि तो संपल्यावर पुढचा कोण लावतो, हे दोन प्रश्न कोणत्याही बंदीपेक्षा महत्त्वाचे आहेत. बाईंनी निवडलेला व्हिडिओ वर्गात लागला तर तो संपल्यावर बाई टीव्ही बंद करतात आणि प्रश्न विचारतात. घरी तो संपतो तेव्हा पुढचा आपोआप सुरू होतो. त्याच्याखाली ‘शॉर्ट्स’ असतात. एक मिनिट, अर्धा मिनिट, अंगठा वर, पुन्हा एक. ज्या भोजनात पान उचलायची वेळच येत नाही, तिथे पोट भरल्याचे कळावे कसे?

शरीरावर होणाऱ्या परिणामांत मी पहिला क्रमांक झोपेला देतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्राविषयक तज्ज्ञ सांगतात. सकाळच्या सत्रातल्या शाळेसाठी मुलगा साडेपाचला उठत असेल तर साडेआठला अंथरुणावर पडायला हवा. आणि लिंक आठ वाजता येते! आधी जेवण, मग वडील कामावरून येण्याची वाट, कारण मोबाईल त्यांच्याकडे. मग दोन भावंडांची पाळी, कारण दोघांनाही लिंक आलेली. गृहपाठ सुरू होतो साडेनऊला. पडद्याच्या प्रकाशाने झोप आणणाऱ्या संप्रेरकाचे स्रवणे लांबते हे खरेच, पण मला त्याहून मोठा दोष मनाच्या चाळवण्यात दिसतो. उजेड विझवता येतो. डोक्यात सुरू झालेले विझायला वेळ लागतो.

दुसरे डोळे. लघुदृष्टी, म्हणजे जवळचे स्पष्ट आणि दूरचे धूसर दिसणे, हा दोष शाळकरी मुलांत वाढतो आहे. त्यात मोबाईलच्या पडद्याइतकाच, कदाचित जास्तच, वाटा आहे तो उन्हात, उघड्यावर न जाण्याचा. तैवानमध्ये २०१० पासून शाळांतून मुलांना दररोज दोन तास घराबाहेर, मोकळ्या उजेडात काढायला लावण्याची मोहीम सुरू झाली. तेथे वर्षानुवर्षे वाढत चाललेले अधू दृष्टीच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण २०१२ मध्ये ४९.४ टक्के होते, ते २०१५ पर्यंत ४६.१ टक्क्यांवर उतरले. घट दिसायला लहान आहे, पण वाढता आलेख खाली वळवणे किती कठीण असते ते या क्षेत्रातल्या माणसांना विचारा. आपल्याकडे मैदान आहे, ऊन तर उदंड आहे. फक्त खेळाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला दिला जातो. लहान वयाच्या मुलांविषयी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ मध्ये सांगितले आहे, की दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, पाच वर्षांपर्यंत फार तर तासभर आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला दोन तासांच्या आत. या दोन तासांतला दीड तास शाळेच्याच गृहपाठाच्या निमित्ताने गेला तर घरच्यांनी कोणत्या तोंडाने मुलाला नाही म्हणावे?

आणि नाही म्हटले तर मूल काय उत्तर देते, ते सर्व पालकांना पाठ आहे : ‘‘बाईंनी सांगितलंय.’’ घरातला मोबाईलचा नियम मोडायला शाळेनेच दिलेला हा परवाना आहे. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण भागाच्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांना मागच्या आठवड्यात तो कशासाठी वापरला हे विचारले होते. ५७ टक्क्यांनी शिक्षणाशी संबंधित काही केल्याचे सांगितले आणि सुमारे ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सांगितले. मुले प्रामाणिक आहेत म्हणायची!

तेव्हा माझी शाळांना सूचना साधी आहे. आठवीपर्यंत गृहपाठासाठी व्हिडिओची लिंक पाठवूच नये. जो व्हिडिओ खरोखर उपयोगाचा आहे तो वर्गात, सर्वांनी मिळून, उजेडात पाहावा. हृदयाची झडप कशी उघडते हे फळ्यावरच्या आकृतीपेक्षा हलत्या चित्रात पटकन कळते, हे मीही मान्य करतो. शिक्षकांनी तो आदल्या दिवशी शेवटपर्यंत पाहिलेला असावा. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ ॲपवरचे साहित्य मिळते. त्यातले बरेच आधी उतरवून ठेवून इंटरनेट बंद असतानाही दाखवता येते. म्हणजे जाहिरात नाही आणि हॉटस्पॉटचा खर्चही नाही. यूट्यूबच वापरायचे असेल तर गुरुजींनी शाळेसाठी वेगळे खाते उघडावे, त्यावर रिस्ट्रिक्टेड मोड चालू आणि पुढचा व्हिडिओ आपोआप लागण्याची सोय बंद ठेवावी. याला पैसा लागत नाही.

शिक्षक मंडळी यावर म्हणतील, अभ्यासक्रम संपत नाही, तासिका पुरत नाहीत, वरून अहवाल मागतात. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांचे उत्तर शिक्षकांकडे नाही, वरिष्ठांकडे आहे. पण वर्गात न संपलेला धडा रात्री वडिलांच्या मोबाईलवर संपवायचा, तर ज्या घरात मोबाईल एकच आहे, किंवा बाप ऊसतोडीला किंवा ट्रकवर आहे आणि मोबाईल त्याच्या खिशात आहे, त्या घरातल्या मुलाने काय करावे? तो दुसऱ्या दिवशी शिक्षा खातो किंवा शेजारच्या मोठ्या मुलाकडे जाऊन त्याच्या मोबाईलवर पाहतो. तिथे त्याला आणखी काय दाखवले जाते, हे मी इथे लिहीत नाही.

दहावी-बारावीची गोष्ट वेगळी. त्या वयातली मुले स्वतःहून शोधून शिकतात, तालुक्याच्या गावात न मिळणारा भौतिकशास्त्राचा चांगला शिक्षक त्यांना पडद्यावर भेटतो, आणि त्यांना अडवण्यात अर्थ नाही. त्यांच्याशी वेळेचा करार करावा : अमुक विषय, अमुक वेळ, मोबाईल बैठकीच्या खोलीत.

घराच्या आणि शाळेच्या मधला एक मार्ग सांगली जिल्ह्यातल्या, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने दाखवला. २०२२ पासून तेथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि पुढचा दीड तास टीव्ही, मोबाईल बंद ठेवून मुलांनी अभ्यास व मोठ्यांनी वाचन-गप्पा करायच्या, असे गावाने मिळून ठरवले. आपल्या शहरात भोंगा चालायचा नाही, गल्लीगल्लीत वाद होतील. पण त्यातला मुद्दा घेण्यासारखा आहे. बंधन एकट्या मुलावर नव्हते, वडिलांचा मोबाईलही त्या वेळी खाली ठेवायचा होता. अशा गावात सात वाजता शाळेची लिंक आली असती तर लोकांनी गुरुजींनाच जाब विचारला असता.

पुढच्या महिन्यात बहुतेक शाळांच्या पालकसभा आहेत. तिथे वर्गणी आणि गणवेशाच्या रंगावर तासभर चर्चा होते, त्यातली दहा मिनिटे या विषयाला मागून घ्यावीत. मोबाईल जप्त करता का, हा प्रश्न विचारू नये, त्याचे उत्तर पत्रकात आहेच. वर्गातल्या टीव्हीला जोडलेले खाते कुणाचे, मागच्या महिन्यात किती व्हिडिओ घरी पाहायला सांगितले आणि ते कुणी आधी शेवटपर्यंत पाहिले होते, हे विचारावे. आणि मुलाने चुकून काही भलते पाहिले, घाबरले, गप्प गप्प राहू लागले, तर त्याला मारू नये, मोबाईल फोडू नये. पुढच्या वेळी ते सांगणारच नाही. शांतपणे विचारावे. गरज वाटली तर मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलिमानस’ १४४१६ या क्रमांकांवर फोन करावा, दोन्हींना पैसे पडत नाहीत.